पहिला मजला, खोली नंबर चार

आमची चाळ जळाली तेव्हा आम्ही सगळे शिवाजी पार्कवर महाराष्ट्र मिळवत होतो. त्या संध्याकाळच्या सभेला लालबागच्या आमच्या चाळीतून एकही माणूस कमी पडता कामा नये, असा नाना परबांचा हुकूम होता. नाना म्हणजे गिरणीत टाइमकीपर आणि चाळीत सरसेनापती. आधीच्या एका मोर्च्यात पोलिसाची काठी त्यांच्या कपाळाला निसटती लागली होती, आणि जखम भरून आल्यावरही तिच्यावरची पट्टी पुष्कळ दिवस ताजी राहिली होती. त्यांचा शब्द मोडणार कोण? बायकांनी चुली विझवल्या, म्हाताऱ्यांनी काठ्या घेतल्या, आणि माझ्या आईने आपल्या खानावळीतल्या अकरा गिरणी कामगारांना सकाळचाच भात संध्याकाळी चार वाजता वाढून मोकळं केलं. घरांना कुलपं लावून आम्ही निघालो. परत येताना परळपर्यंत आमचे घसे बसले होते. तिथे कोणीतरी आकाशाकडे बोट दाखवलं. धूर होता. "कुठलीतरी गिरणी पेटली," असं म्हणत आम्ही पुढे आलो, आणि मग गिरणी पेटलेली नाही हे कळलं. नाना सगळ्यांच्या पुढे धावले आणि धावता धावता म्हणाले, "हे दिल्लीवाल्यांचं काम!" आग शेजारच्या कापसाच्या गोडाउनमधून आमच्या लाकडी जिन्यावर आली होती. दिल्लीचं नावही तिने ऐकलेलं नसावं.

तळमजल्यावरची दुकानं वाचली. वरचे दोन्ही मजले गेले. आम्ही पोचलो तेव्हा बंबवाले काळ्या वाशांवर पाणी मारत होते, आणि समोरच्या फुटपाथवर वाकळेत गुंडाळलेले नानांचे वडील बसले होते. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांची उजवी बाजू लुळी पडली होती, त्यामुळे महाराष्ट्र मिळवायला त्यांना नेलं नव्हतं. त्यांच्या शेजारी भागीरथीमावशी बसली होती. तिच्या भुवया जळून गेल्या होत्या आणि दोन्ही तळहात तिने पदराच्या ओल्या टोकात धरले होते. गिरणीच्या रिंग खात्यातली पहिली पाळी करून ती घरी झोपली होती. धुराने जाग आली तेव्हा खाली पळायच्या आधी तिला पहिल्या मजल्यावरच्या आबांची आठवण झाली. आबांसाठी नुसतं लोटून ठेवलेलं दार उघडून, पाठीवर घेऊन तिने त्यांना उतरवलं. स्वतःची ट्रंक आणायला पुन्हा वर जायला निघाली, तेव्हा जिना उरला नव्हता.

नाना आपल्या वडिलांसमोर गुडघे टेकून बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं आहे, आणि ते खोटं नव्हतं. पण आबांचे ओले ओठ पाहून ते पहिलं वाक्य जे बोलले, ते असं होतं, "आबा, तुम्हांला पाणी कोणी पाजलं?"

आबा अर्ध्या तोंडाने हसले. "भागीरथीन पाजल्यान. गार होतां."

परबकाकूंनी लगेच तुळशीची पानं शोधायला माणूस पाठवला. आमच्या सगळ्यांच्या तुळशी जळाल्या होत्या, म्हणून नाक्यावरच्या फुलवाल्याकडून दोन पानं आणून ती आबांच्या तोंडात घालण्यात आली. आबांनी ती चावून खाल्ली आणि आणखी मागितली. त्यांना भूक लागली होती.

भागीरथीमावशी म्हणजे किसन जाधवांची बायको. साताऱ्याकडची. जाधवांनी नुकतीच नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली होती आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीतले देव जाऊन तिथे बुद्धाची तसबीर आली होती. ती खोली अगदी टोकाची, संडासाला लागून. आमच्या चाळीत मावशीला नळावर यायला कोणी मनाई केली नव्हती. मनाई करणं कायद्याने गुन्हा होता आणि आम्ही कायदा पाळणारी माणसं होतो. ती घागर घेऊन आली की बाकीच्या बायकांना आपापली भांडी पुन्हा घासायची आठवण व्हायची, एवढंच. त्यात वेळ जायचा, नळ जायचा, आणि मग मावशी आपणहून खाली रस्त्यावरच्या नळावर जाऊ लागली. याला आमच्याकडे 'तिला तिथे बरं पडतं' असं म्हणत. मीही म्हणत असे. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि मोठी माणसं म्हणत ते सगळं मी फार स्वच्छ उच्चारात म्हणत असे.

जळीतग्रस्तांसाठी वडाळ्याला मिठागराच्या कडेला पत्र्याच्या शेडी घालून दिल्या होत्या. तिथे जाऊन आम्ही साडेतीन वर्षं काढली. पहिल्या दिवशी लॉरीतून जो जसा उतरला तसा त्याला गाळा मिळाला. त्या गडबडीत कोण कोणाच्या शेजारी आलं ते पाहायला नाना नव्हते, कारण ते लालबागला पोलीस पंचनाम्यात आपलं नाव नीट लिहून घेत होते. आमच्या शेजारी जाधव आले. मधे भिंत म्हणून गोणपाट. सगळ्या शेडींना मिळून रस्त्याच्या कडेला एकच नळ, आणि तो रे रोडकडून येणाऱ्या लॉऱ्यांच्या धुळीत उभा. तिथे भांडी पुन्हा घासत बसलं तर मागची बाई घागर पुढे सारून मोकळी व्हायची. आठवडाभरात आमच्या चाळीतल्या बायकांची भांडी एकदाच घासून स्वच्छ निघू लागली.

त्या जागेचे आवाज मला अजून येतात. दुपारी पत्रा तापला की टणटण वाजायचा. यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत जायचे, तो आवाज लांबून सुरू होऊन आपल्या अंगावरून पलीकडे निघून जातोय असं वाटायचं. आणि संध्याकाळी भागीरथीमावशी भाकरी थापायची तो आवाज. आमच्या घरात तो आवाज कधीच नव्हता. आई मालवणची. तिच्या हातचं बांगड्याचं तिखलं, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी, यासाठी माणसं शिवडीहून जेवायला येत. पण ज्वारीची भाकरी म्हणजे तिचा शत्रू होता. ती भाकरी फुगत नसे, मोडत नसे, आणि ताटावर पडली की वाजत असे. आमच्याच चाळीत एकटे राहणारे आणि खानावळीत जेवणारे तुकाराम राणे एकदा म्हणाले होते, "वहिनी, मोर्च्याला जाताना चार बांधून द्या. लाठीमार झालाच तर उपयोगी पडतील."

शेडीत गेल्यावर चार-पाच महिन्यांनी आईला टायफॉईड झाला. बाबा गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, दुसऱ्या पाळीला. मला भात आणि आमटीपलीकडे काही येत नव्हतं. खानावळ दोन दिवस बंद राहिली असती तर अकरा माणसं दुसरीकडे गेली असती आणि मग परत आली नसती. दोन दिवस मी भात-आमटीवर निभावले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गोणपाट बाजूला करून भागीरथीमावशी आत आली, परातीसमोर बसली आणि म्हणाली, "पीठ कुटं हाय?" आईने अंथरुणातून तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि म्हणाली, "शाले, पिठाचो डबो दाखव."

आमचा गाळा पडदा लावून दोन भाग केलेला होता. पुढे माणसं जेवायची, मागे चूल. मावशी मागून यायची, भाकऱ्या करायची, मागून जायची. मी पुढे नेऊन वाढायची. पहिल्याच दिवशी राणेंनी भाकरी मोडली, तिचा पापुद्रा दोन बोटांत धरून उजेडाकडे पाहिलं, आणि एकामागून एक पाच खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आजारपणात वहिनींच्या हाताला गोडी आली गो." आई तापात होती. ती पडद्यामागे अंथरुणावर हसली, आणि मावशीही हसली, आवाज न करता, खांदे हलवत. पुढे आई बरी झाली, पण भाकऱ्या मावशीच करत राहिली. आधी अशक्तपणा म्हणून, मग सवय म्हणून. आई तिला कालवण द्यायची, मावशी कधी आईला शेंगांची चटणी द्यायची. दोघी मागच्या दारात बसून जेवायच्या. पुढच्या दारात हे कोणाला ठाऊक नव्हतं. की ठाऊक असून नव्हतं, याचा निकाल मला आजतागायत लागलेला नाही.

आता पुनर्बांधणी समितीबद्दल सांगते. शेडीत पहिली चूल पेटायच्या आधी आमची समिती स्थापन झाली होती. नाना अध्यक्ष. चिटणीस होते सामंत मास्तर, पण ते सत्याग्रहात पकडले जाऊन तुरुंगात गेले आणि जाताना इतिवृत्ताची वही माझ्याकडे देऊन गेले, कारण शेडीत सगळ्यांत चांगलं अक्षर माझं होतं. दर रविवारी सकाळी शेडींच्या मधल्या मोकळ्या जागेत सभा भरायची. पहिला ठराव नेहमी दिल्ली सरकारच्या धिक्काराचा. तो एकमताने मंजूर व्हायचा. त्यानंतर एकमत म्हणून काही उरायचं नाही. नव्या इमारतीला नाव काय द्यायचं यात तीन रविवार गेले, तेव्हा इमारतीची एक वीटही बसलेली नव्हती. गच्चीवर झेंड्याची काठी कोणत्या कोपऱ्यात असावी यावर एक उपसमिती नेमली, आणि गच्ची मिळणार की नाही हे विचारायला दुसरी. कारवार-बेळगाव सोडायचं नाही यावर सगळे ठाम. आपल्या खोलीपुढची दीड हात गॅलरी शेजाऱ्याला सोडायची नाही यावर त्याहून ठाम. हल्ली मी राहते त्या उंच इमारतीत सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे. तिथे पार्किंगवरून जे चालतं ते वाचून माझी नात संतापते. मी तिला सांगते, अगं, यांचं शुद्धलेखन सोडलं तर काही बिघडलेलं नाही.

घरमालक शेठ मंडळी फोर्टात राहायची. त्यांच्या वतीने मेहताजी यायचे, काळी टोपी, हातात छत्री, फार मऊ बोलणारे. पुष्कळ मोर्चे आणि अर्ज झाल्यावर एके दिवशी ते शेडीत आले आणि म्हणाले, "शेठ चाल बांधून देनार. फक्त एक कागद पायजे. कोनाला कुठली खोली, ते तुमी आपसात ठरवा. खाली सगल्यांची सही. सगल्यांची हां. एक पन सही कमी असेल तर मग नंतर कोर्टकचेरी होते, शेठला ते नको." आम्ही विजयाच्या घोषणा दिल्या. मेहताजी छत्री उघडून शांतपणे निघून गेले. शेठला आमची ओळख आमच्यापेक्षा चांगली होती.

चार महिने वाटपावर वाद झाला. सगळ्यांना कोपऱ्याची खोली हवी, रस्त्याकडची हवी, पूर्वेची हवी, आणि संडासापासून लांब व नळापासून जवळ हवी. शेवटी माझे बाबा, जे सभेत कधी बोलत नसत, ते म्हणाले, "चिठ्ठ्या टाका." दुसरा उपाय कोणाला सुचेना, म्हणून चिठ्ठ्या ठरल्या. उचलणार कोण यावर पुन्हा तासभर गेला, आणि आबांचं नाव निघालं. लुळा माणूस लबाडी काय करणार!

त्या रविवारी आबांना खुर्चीवर बसवून आणलं. समोर दोन पातेली. एकात नावं, एकात खोल्या. आबा डाव्या हाताने एकेक चिठ्ठी काढायचे, नाना वाचायचे, मी लिहायची. कोणी टाळ्या वाजवायचं, कोणी कपाळाला हात लावायचं. मग नानांनी नाव वाचलं, "किसन जाधव." आबांनी दुसऱ्या पातेल्यात हात घातला. नानांनी चिठ्ठी उघडली, वाचली, पुन्हा वाचली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "पहिला मजला, खोली नंबर चार."

नव्या चाळीच्या नकाशात सगळ्यांना तोंडपाठ असलेली ती एकच खोली होती. पहिल्या मजल्याच्या मधोमध, नळाच्या अगदी लगत. तिच्या दारावरून गेल्याशिवाय मजल्यावरच्या कोणाचीच घागर भरणार नव्हती.

मग राणे म्हणाले, "चिठ्ठ्या नीट ढवळल्या होत्या काय?" दुसरं कोणी म्हणालं, "आबांचा हात थरथरतो. त्यांना धरायची असेल एक, आली दुसरी." नाना घाम पुसून म्हणाले, "मंडळी, काही तांत्रिक दोष राहिलेला दिसतो. पुढच्या रविवारी सोडत नव्याने होईल."

किसन जाधव उभे राहिले. शांत माणूस. मोर्च्यात आमच्या चाळीचा फलक नेहमी त्यांच्या हातात असे, कारण तो जड होता. ते म्हणाले, "नाना, दोष कोणता, ते सांगा. आम्ही दुरुस्त करू."

"तांत्रिक," नाना म्हणाले, आणि सभा संपली.

संध्याकाळी नाना आमच्या गाळ्यात आले. आई नळावर गेली होती. त्यांनी माझी वही हातात घेतली, पानं उलटली, आणि म्हणाले, "शालन, काय सुंदर अक्षर आहे गं तुझं. उद्या महाराष्ट्राचं सरकार आलं की सचिवालयात लागशील. आजचं इतिवृत्त असं लिही, की चिठ्ठ्या अपुऱ्या असल्याचं लक्षात आल्याने सोडत सर्वानुमते रद्द करण्यात आली. आधीचं पान काढून टाक." मी मान डोलावली. मला कोणी घाबरवलं नव्हतं. मला अक्षराची स्तुती आवडली होती. नाना गेल्यावर मी पान फाडलं, चुलीत घातलं, आणि टाक बुडवून 'सर्वानुमते' हा शब्द इतका वळणदार लिहिला की मी स्वतःच तो दोनदा पाहिला.

भागीरथीमावशी कधी आत येऊन परातीसमोर बसली होती ते मला कळलं नाही. ती म्हणाली, "काय लिवलंस? वाच की. मला वाचाया येत न्हाई."

तिला वाचता येत नाही, मी काहीही वाचू शकत होते. पण का कोण जाणे, मी लिहिलं होतं तेच वाचलं. चिठ्ठ्या अपुऱ्या. सर्वानुमते. रद्द. ती थापत राहिली. भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाण्याचा हात फिरवला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "अक्षर लई चांगलं हाय म्हनत्यात तुझं."

एवढंच. ती रागावली असती तर मी रडून मोकळी झाले असते. त्या दिवशी मी वाढायला गेले नाही, आईला पाठवलं. वहीतलं तेही पान मी फाडलं आणि आठवून आठवून जे झालं ते लिहिलं. राणे काय म्हणाले, किसनकाकांनी काय विचारलं, नाना काय म्हणाले. सुंदर लिहायचं भान राहिलं नाही. माझ्या त्या वहीतलं सगळ्यांत गचाळ पान तेच असेल.

पुढच्या रविवारी दिल्लीचा धिक्कार झाला आणि मागील सभेचं इतिवृत्त वाचायला मी उभी राहिले. नाना डोळे मिटून, मान हलवत ऐकत होते. चौथ्या वाक्याला त्यांचे डोळे उघडले. मी न थांबता शेवटपर्यंत वाचलं, कारण थांबले असते तर पुन्हा आवाज फुटला नसता. "श्री. जाधव यांनी दोष कोणता असे विचारले. अध्यक्षांनी तांत्रिक असे उत्तर दिले. दोष सांगण्यात आला नाही."

एकच गोंधळ झाला. नाना म्हणाले, "पोर आहे, चुकून लिहिलं." बाबा म्हणाले, "काय चुकलं, ते सांगा." मग राणे उठले. राणे वाईट माणूस नव्हते. आईच्या आजारपणात सरकारी दवाखान्यातून रोज औषध त्यांनीच आणलं होतं. ते हात जोडून म्हणाले, "जाधव आपलो माणूस आसा, मोर्च्यात आम्ही खांद्याला खांदा लावतो. माझो काय एक विरोध नाही. पण नळ म्हणजे पाणी, पाणी म्हणजे अन्न, आणि अन्नाची गोष्ट वेगळी. अन्नात मिसळामिसळ आपल्यात कधी झाली नाही आणि..."

"राणे," मागून आवाज आला, "काल संध्याकाळी भाकऱ्यो किती खाल्ल्यात?"

माझी आई उभी होती. ती सभेला यायची ती भाजी निवडत मागे बसायला. तिचा आवाज त्या सभेने कधी ऐकला नव्हता. तिच्या मांडीवरची भाजी खाली पडली होती.

राणे गोंधळले. "चार."

"परवा?"

"पाच असतील. का वहिनी?"

"गेलं दीड वर्ष तुम्ही माझ्याकडे भाकरी खाताय," आई म्हणाली. ती रागावली की शुद्ध बोलायची. "त्यातली एकही मी केलेली नाही. मला भाकरी येत नाही, हे तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्या भागीरथीने केल्या. पाणी लावून केल्या. आता बोला अन्नाचं."

कोणी पोटावर हात ठेवला. एक जण तोंडावर पंचा धरून शेडीमागे गेला, आणि सगळे कानोसा घेत राहिले, पण तो पानाची पिंक टाकून परत आला. आबा खुर्चीत बसून हसत होते. भागीरथीमावशी मात्र हसत नव्हती. आईने आपल्याला न विचारता सगळ्यांसमोर उघडं केलं, हे तिला आवडलेलं नव्हतं. ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. आईला ते दिसायला आणखी काही दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी अकरांपैकी चार माणसं जेवायला आली. आई रिकाम्या पाटांकडे बघत म्हणाली, "तू वाचलंस म्हणून माका बोलूचा लागला." ते खरं होतं. बाबांनी त्या महिन्यात रोज दोन-दोन पाळ्या केल्या. राणे वडाळा स्टेशनजवळच्या एका खानावळीत जाऊ लागले. तिथली भाकरी, असं कानावर आलं, आईच्या भाकरीची थोरली बहीण होती.

आता समितीपुढे पेच असा, की सोडत मोडता येईना, कारण जाधव दुसऱ्या कुठल्या कागदावर सही करायला तयार नव्हते. आणि सोडत पाळता येईना, कारण बाकीचे तयार नव्हते. मेहताजी दर पंधरवड्याला मऊ आवाजात विचारून जायचे, "सह्या झाल्या?" अखेर दहा रविवारांच्या चर्चेनंतर नानांनी तोडगा काढला. तो इतका आमचा होता, की मी तो लिहून घेताना दोनदा विचारून खात्री केली. खोली नंबर चार जाधवांनाच राहील, आणि उरलेल्या चिठ्ठ्या आबांनी काढून सोडत पुरी करावी. नळ हलवण्यात येईल. मजल्याच्या मधोमध पाण्याला दाब मिळत नाही असं अनेक जाणकारांचं मत पडल्यामुळे, नळ मजल्याच्या दुसऱ्या टोकाला नेण्यात यावा. दिल्लीच्या धिक्कारानंतर त्या समितीत एकमताने मंजूर झालेला हा दुसरा ठराव.

सही करायची वेळ आली तेव्हा किसनकाका वहीकडे बघत बसले. त्यांना अपमान कळत होता. भागीरथीमावशी म्हणाली, "खोली आपली ऱ्हाती का? ऱ्हाती. मग नळ न्हिऊ द्या की दिल्लीला. करा सही." त्यांनी केली. तिने आंगठा लावला नाही. त्या चर्चेचे अडीच महिने मी तिला रोज दुपारी अक्षरं शिकवत होते. तिने 'भागीरथी किसन जाधव' असं लिहिलं, वाकडं, पानाची अर्धी रुंदी व्यापून, आणि शाई वाळेपर्यंत वही कोणाला दिली नाही.

महाराष्ट्र मिळाला, त्यानंतर काही महिन्यांनी आम्हांला चाळ मिळाली. दिल्ली आमच्यापेक्षा लवकर वठणीवर आली म्हणायची. मजल्याच्या दुसऱ्या टोकाला नानांचीच खोली होती, हे ठराव करताना कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, नानांच्याही नाही. पहाटे चारला पाणी यायचं. तेव्हापासून वीस बायका, चाळीस भांडी आणि एकूण एक भांडण नानांच्या उंबऱ्यावर. त्यांच्या भिंतीला बारमाही ओल धरली. मावशी रांगेत उभी राहायची, तिचा नंबर आला की भरायची, आणि मधल्या आपल्या कोरड्या, शांत खोलीत निघून जायची.

आईची खानावळ नव्या खोलीत सुरू व्हायची होती. राणे आणि आणखी पाच जणांनी निरोप पाठवला होता, की झालं गेलं विसरून ते यायला तयार आहेत. फक्त 'पूर्वीसारखं' असावं. म्हणजे पडदा असावा. आई माझ्यासह खोली नंबर चारमध्ये गेली. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "भागीरथी, त्या दिवशी मी तुला विचारलं नाही. सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं. चुकलं माझं." मावशी ट्रंकेवर नवी तसबीर लावत होती. ती तसबीर सरळ करून म्हणाली, "भाकरी करीन. पर आता मागच्या दारानं न्हाई येनार. पडदा काडा. म्होरं बसून थापीन, ज्याला खायाची तो खाईल."

आईने पडदा काढला. त्याचा मला परकर शिवून दिला.

पहिल्या संध्याकाळी दहा माणसं जेवायला बसली. भागीरथीमावशी पुढच्या दाराने आली, खोलीच्या मध्यावर चुलीपाशी परात घेऊन बसली आणि थापायला लागली. तो आवाज सुरू झाला तसं बोलणं बंद पडलं. एक जण उठला, चपला घालून निघून गेला. तो परत आला नाही. बाकीचे नऊ ताटात बोटं फिरवत बसले. आईने कालवण वाढलं. पहिली भाकरी तव्यावरून निखाऱ्यावर गेली आणि टम्म फुगली. मावशीने ती चिमट्याने उचलली आणि कोणाचंही नाव न घेता समोर धरली. कोणी हलेना. आईचा हात कालवणाच्या पळीवर तसाच थांबला होता. मग राणेंनी ताट पुढे केलं. भाकरी घेताना त्यांनी मान भिंतीकडे वळवली होती. ताट मात्र सरळ धरलं होतं.